प्रोसेसरचे कूलर समोरासमोर: माझी मोजायची पद्धत

माझं काम आवाजाचं आहे. घरातल्या एका लहान खोलीत बसून मी लांबलचक मजकूर वाचून ध्वनिमुद्रित करते आणि त्याच कॉम्प्युटरवर त्याची साफसफाई करते. माइक आणि कॉम्प्युटरचं कॅबिनेट यांच्यात जेमतेम दीड मीटर अंतर. प्रोसेसरसोबत आलेल्या कूलरचा पंखा काम वाढलं की सूर चढवायचा आणि तो चढता सूर माझ्या वाक्यांच्या मागे स्पष्ट ऐकू यायचा. एकसारखी घरघर सॉफ्टवेअरने बऱ्यापैकी काढता येते. मधेच वर-खाली होणारी काढायला गेलं, की माणसाच्या आवाजाचा पोतही खरवडला जातो. म्हणून दुसरा कूलर घ्यायचं ठरवलं.

जुन्याचं तापमान मी थंडीतल्या एका सकाळी वहीत लिहून ठेवलं होतं: पूर्ण भार देऊन, म्हणजे प्रोसेसर पूर्ण कामाला लावून, ७३ अंश. नवा बसवला तो दोन महिन्यांनी, भर दुपारी. तेच काम लावलं आणि आकडा आला ७६. एवढा मोठा टॉवर, म्हणजे पत्र्यांचा उंच उभा कूलर, आणि तीन अंशांनी वाईट! काढून परत करायच्या तयारीत होते, तेवढ्यात भिंतीवरच्या तापमापकाकडे लक्ष गेलं. त्या सकाळी खोली २५ अंशांवर होती, या दुपारी ३१ वर. म्हणजे जुना कूलर प्रोसेसरला खोलीपेक्षा ४८ अंश वर ठेवत होता आणि नवा ४५ अंश. नवाच चांगला होता, आणि तेही पंखा बराच हळू फिरत असताना.

तेव्हापासून माझे आणि मित्रमैत्रिणींचे मिळून सात-आठ कूलर याच खोलीत मोजून झाले. पद्धत चुकत-चुकत पक्की होत गेली. जुना कूलर बदलायचा विचार असेल, किंवा हातात दोन असतील आणि कोणता ठेवायचा हे ठरत नसेल, तर ती उपयोगी पडेल.

आधी वॅट, मग कूलर

कूलर थंडी तयार करत नाही, प्रोसेसरमधली उष्णता हवेत सोडतो. त्यामुळे पहिला प्रश्न असा, की तुमचा प्रोसेसर उष्णता किती देतो? इथे डब्यावरचा टीडीपी, म्हणजे उष्णतेचा छापील वॅट-आकडा, फसवतो. एएमडी कंपनीच्या रायझनमध्ये एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) ६५ वॅटचा म्हणून विकला जाणारा प्रोसेसर प्रत्यक्षात ८८ वॅटपर्यंत वीज घेतो, १०५ वाला १४२ पर्यंत आणि १७० वाला २३० पर्यंत. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के वर मूळ आकडा १२५ वॅटचा आहे, पण टर्बोत, म्हणजे वेग वाढवून पळताना, तो २५३ वॅटपर्यंत जातो. मदरबोर्डने मर्यादा सैल सोडली असेल तर त्याहूनही वर.

आणि कूलरच्या डब्यावर छापलेले वॅट? ते मी वाचतच नाही. हा आकडा कसा काढायचा याचं सगळ्या कंपन्यांना बांधील असं एकच मानक नाही. एकीने २५० लिहिलं आणि दुसरीने २२०, तर पहिला कूलर सरस आहे असं काहीच त्यातून सिद्ध होत नाही.

तुमच्या रोजच्या कामात खरोखर किती वॅट जातात हे बघायला एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्राम उघडा आणि ‘सीपीयू पॅकेज पॉवर’ची ओळ तासभर नजरेखाली ठेवा. माझ्या मुद्रणाच्या वेळी ती ओळ बहुतेक वेळ ४० च्याही खाली असते. फक्त शेवटची प्रक्रिया चालवताना ती मर्यादेला टेकते. हे कळल्यावर खरेदीचा विचारच बदलतो.

मावेल का

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे चुकलं तर पुढचं सगळं वाया जातं. कॅबिनेटच्या माहितीत कूलरची जास्तीत जास्त उंची दिलेली असते. नॉक्टुआचा एनएच-डी१५ १६५ मिलिमीटर उंच आहे, थर्मलराइटचा पीअरलेस असॅसिन १२० एसई १५५, कूलर मास्टरचा हायपर २१२ ईव्हो १५९. अगदी चपट्या कॅबिनेटसाठीचा नॉक्टुआ एनएच-एल९आय फक्त ३७ मिलिमीटरचा. दहा मिलिमीटरचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण बाजूचं झाकण तेवढ्यासाठीच बंद होत नाही.

दुसरी अडचण रॅमची. मोठ्या टॉवरचा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो. रॅमवर सजावटीचं उंच धातूचं कवच असेल तर पंखा वर सरकवावा लागतो, आणि पंखा वर गेला की एकूण उंची वाढते. म्हणून या दोन मापांचा हिशोब एकत्रच करा.

तिसरी गोष्ट सॉकेट. इंटेलच्या एलजीए१२०० मदरबोर्डवर कूलरच्या भोकांमधलं अंतर ७५ मिलिमीटर होतं, एलजीए१७०० वर ते ७८ झालं. जुना कूलर नव्या बोर्डवर लावायचा तर वेगळी पट्टी लागते. एएमडीच्या जुन्या एएम४ आणि नंतरच्या एएम५ ची भोकं सारखीच आहेत, पण एएम५ वर मागची (बोर्डच्या मागून कूलरला आधार देणारी) पट्टी बोर्डलाच पक्की असते. त्यामुळे जो कूलर स्वतःची मागची पट्टी मागतो, तो तिथे बसत नाही.

उष्णता कुठे अडते

तुलना करण्याआधी उष्णतेची वाट डोळ्यांसमोर आणा. नखाएवढ्या सिलिकॉनमध्ये ती तयार होते, तिथून वरच्या धातूच्या झाकणात जाते, मग मधल्या थर्मल पेस्टमधून कूलरच्या तळात, तळातून हीटपाइपमध्ये, पाइपमधून ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांमध्ये आणि शेवटी हवेत.

हीटपाइप ही मला फार सुंदर युक्ती वाटते. तांब्याच्या बंद नळीत अगदी थोडं पाणी असतं आणि हवा काढून टाकलेली असते, त्यामुळे ते पाणी कमी तापमानालाच उकळतं. तळाशी वाफ होते, वर पत्र्यांपाशी ती थंड होऊन पुन्हा पाणी होते आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून केशाकर्षणाने खाली परत येते. ना पंप, ना हलणारा भाग. म्हणूनच चांगला टॉवर कूलर वर्षानुवर्षं चालतो. बिघडला तर पंखा बिघडतो, आणि पंखा बदलता येतो.

ही वाट नीट पाहिली की एक गोष्ट ध्यानात येते: मोठा कूलर फक्त शेवटचा टप्पा सुधारतो. सिलिकॉनपासून झाकणापर्यंतच्या टप्प्याला तो हातही लावू शकत नाही. अलीकडच्या रायझनमध्ये गणन करणारा सिलिकॉनचा तुकडा अवघा ७० चौरस मिलिमीटरच्या आसपास आहे. एवढ्याशा जागेतून १०० वॅट बाहेर काढताना पहिल्याच टप्प्यात गर्दी होते. म्हणून दुप्पट वजनाचा कूलर लावूनही तापमान चार-पाच अंशच उतरतं तेव्हा कूलरला दोष देऊ नका.

मोजणी

आता मुख्य काम. तीन गोष्टी बांधून ठेवायच्या: वॅट, आवाज आणि खोलीचं तापमान. पहिल्या दोन हातात आहेत. तिसरी हातात नाही, म्हणून ती लिहून ठेवायची आणि नंतर वजा करायची.

वॅट बांधण्यासाठी बायोसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, जा. इंटेलवर पीएल१ आणि पीएल२ या दोन्ही वीज-मर्यादा एकाच आकड्याला लावा, रायझनवर पीपीटी ही मर्यादा. मी १२५ वॅट ठेवते. प्रोसेसर मोकळा सोडला तर चांगल्या कूलरखाली तो जास्त वीज घेतो, वेगाने पळतो आणि त्यामुळे तापमान फारसं खाली येतच नाही. मग पाहणाऱ्याला वाटतं दोन्ही कूलर सारखेच. रायझन ७००० मालिकेतले बरेचसे प्रोसेसर तर ९५ अंशांपर्यंत मुद्दाम चढतात, त्यांची रचनाच तशी आहे. तिथे मोकळ्या प्रोसेसरवर तापमानाची तुलना करणं व्यर्थ. तशीच करायची असेल तर ९५ ला टेकल्यावर वेग किती मेगाहर्ट्झवर स्थिरावतो आणि वॅट किती जातात, ते लिहा. ज्या कूलरखाली हे आकडे मोठे, तो सरस.

भारासाठी प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारा चाचणी-प्रोग्राम हवा: सिनेबेंचचे दहा मिनिटांचे फेरे लागोपाठ चालतील, प्राइम९५ ही चालेल, पण सगळ्या कूलरना एकच काम द्या. प्राइम९५ मध्ये तर पर्यायही तोच ठेवा. ग्राफिक्स कार्डला या काळात काही काम नको. त्याची गरम हवा थेट कूलरच्या तोंडाशी जाते आणि हिशोब बिघडवते. कॅबिनेटचे पंखे एका ठरावीक वेगावर अडकवून ठेवा. झाकण लावलेलंच असू द्या, कारण रोज तुम्ही झाकण लावूनच वापरणार आहात.

आता आवाज. बाकी सगळे टप्पे कुणीही सांगेल, पण मला याच टप्प्याने खरं शिकवलं. दोन कूलरचे पंखे पूर्ण वेगाने सोडून तापमान बघितलं तर तुम्ही कूलरची नाही, पंख्यांची तुलना करता. मिनिटाला २००० फेऱ्यांचा पंखा लावून कोणताही मध्यम कूलर बाजी मारेल, पण त्या खोलीत बसायचं कुणी? म्हणून दोन्ही कूलर आधी सारख्या आवाजावर आणायचे. फोनमधली आवाज मोजायची ॲप शांत खोलीत फार भरवशाची नसतात. मी माझा माइक वापरते. कॅबिनेटपासून ५० सेंटिमीटरवर तो उभा करते आणि गेनचं, म्हणजे माइक किती जोरात ऐकेल हे ठरवणारं, बटण एका खुणेवर टेपने चिकटवून टाकते. पंखा चालू ठेवून अर्धा मिनिट मुद्रण करते आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याची सरासरी पातळी बघते. दुसऱ्या कूलरचा पंखा तेवढीच पातळी येईपर्यंत कमी-जास्त करते. खरे डेसिबल किती, हे मला कळत नाही आणि कळायची गरजही नाही, दोघांचे सारखे झाले की पुरे. तुमच्याकडे साधा हेडसेटचा माइक असला तरी चालेल, फक्त त्यातली आपोआप आवाज वाढवणारी आणि गोंगाट कापणारी सोय बंद करा, नाहीतर तो पंख्याचाच आवाज पुसून टाकेल.

वेगाचा आणि आवाजाचा संबंध लक्षात असला की हे काम पटकन होतं. हवेचा प्रवाह वेगाच्या प्रमाणात कमी होतो, आवाज मात्र फार वेगाने उतरतो. एकच पंखा १५०० वरून १२०० फेऱ्यांवर आणला तर हवा २० टक्क्यांनी घटते आणि आवाज साधारण ५ डेसिबलनी. १००० वर आणला तर जवळपास ९ डेसिबलनी. उलट, तसाच दुसरा पंखा त्याच वेगाने जोडला तर फक्त ३ डेसिबल वाढतात. दोन पंखे हळू फिरवणारे मोठे टॉवर शांत का असतात, याचं उत्तर यात आहे.

खोलीच्या तापमानासाठी तापमापक भिंतीवर नको, कॅबिनेट जिथून हवा आत ओढतं तिथे, हातभर अंतरावर ठेवा. मागच्या बाजूला ठेवलात तर बाहेर पडणारी गरम हवाच मोजाल. दर पाच मिनिटांनी आकडा लिहा. लहान खोलीत १२५ वॅट अर्धा तास जळले तर खोलीच एक-दोन अंशांनी तापते, हे मी अनेकदा पाहिलंय.

टॉवर कूलर दहा-पंधरा मिनिटांत स्थिर होतो. शेवटच्या पाच मिनिटांची सरासरी घ्या, क्षणभर उसळलेला सर्वांत मोठा आकडा नको. तो आकडा प्रोसेसरचा स्वभाव दाखवतो, कूलरचा गुण दाखवत नाही.

मग गणित सोपं आहे. माझ्या पहिल्याच गोष्टीतले आकडे घ्या. ४८ अंश भागिले १२५ वॅट म्हणजे ०.३८ अंश प्रति वॅट, आणि ४५ भागिले १२५ म्हणजे ०.३६. या आकड्याची खुबी अशी, की त्यावरून पुढचा अंदाज बांधता येतो. उद्या प्रोसेसर १५० वॅट घेऊ लागला आणि खोली ३५ वर गेली, तर दुसरा कूलर ३५ अधिक ५४, म्हणजे ८९ अंशांच्या आसपास असेल. हे गुणोत्तर अगदी अचल नसतं आणि दुसऱ्या प्रोसेसरवर ते बदलतंच, पण एकाच मशीनमध्ये ठरवायला पुरेसं आहे.

प्रत्येक कूलर दोनदा बसवा

हे ऐकून लोक वैतागतात. तरीही करा. एक कूलर काढून, पेस्ट पुसून, पुन्हा लावून मी मोजला तेव्हा त्याच कूलरचे दोन आकडे दीड अंशाने वेगळे आले. तोच कूलर, तीच पेस्ट, तेच हात. त्यानंतर दोन कूलरमध्ये एका अंशाचा फरक दिसला तर मी त्याला फरक म्हणत नाही. अशा वेळी जो बसवायला सोपा, त्याला पसंती.

पेस्टबद्दल फार बोलण्यासारखं नाही. तिचं काम दोन धातूंमधल्या बारीक फटी भरणं एवढंच, कारण त्या फटींतली हवा उष्णता अगदीच कमी वाहून नेते. मध्यभागी वाटाण्याएवढी घाला. एलजीए१७०० चं झाकण लांबट आहे, तिथे एक उभी रेघ बरी पडते. थोडी जास्त झाली तर दाबाने बाजूला येते, कमी पडली तर मात्र त्रास. तुलना करताना सगळीकडे एकच पेस्ट वापरा, कूलरसोबत आलेली नको. आणि तळावरची प्लॅस्टिकची फिल्म काढलीय ना, हे मोठ्याने स्वतःला विचारा. स्क्रू आलटून-पालटून, समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोन-दोन फेरे देत आवळा. एकीकडून पूर्ण आवळला तर तळ तिरका बसतो.

काढताना घाई करू नका, हे मी अनुभवाने सांगते. एएम४ वर पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि सॉकेट त्याला वरून धरत नाही. मी थंड मशीनवरून कूलर सरळ वर ओढला. वाळून घट्ट झालेल्या पेस्टला चिकटून प्रोसेसरही बाहेर आला आणि दोन पिना वाकल्या. पातळ पात्याने, भिंगाखाली, श्वास रोखून सरळ केल्या आणि नशिबाने तो चालू झाला. आता आधी दहा मिनिटं भार देऊन पेस्ट मऊ करते, मशीन बंद करून वायर काढते, कूलर डावी-उजवीकडे हलका फिरवते आणि तो सैल झाल्यावरच उचलते. एएम५ आणि इंटेलच्या सॉकेटमध्ये प्रोसेसर पकडीत असतो, तिथे हा धोका नाही.

पाण्याचे कूलर

बंद नळ्यांचे पाण्याचे कूलर याच पद्धतीने मोजता येतात, फक्त वेळ जास्त द्यायचा. समजा आत ३०० ग्रॅम पाणी आहे. ते एक अंशाने तापवायला साधारण १२५० ज्यूल लागतात. म्हणजे १२५ वॅट नुसते पाण्यातच जिरले तरी दहा सेकंदांना एक अंश, आणि रेडिएटर (पाण्यातली उष्णता हवेत सोडणारा, पंखे लावलेला भाग) सतत उष्णता सोडत असल्याने प्रत्यक्षात चढण त्याहून कितीतरी संथ. म्हणूनच पहिल्या पाच मिनिटांत हे कूलर विलक्षण भारी वाटतात. किमान अर्धा तास चालवा, त्यानंतरच आकडा लिहा.

२०० वॅटच्या पुढे सतत काम करायचं असेल तर ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरला पर्याय थोडे. अरुंद कॅबिनेटमध्ये, जिथे उंच टॉवर मावत नाही, तिथेही तो सोयीचा. पण माझ्या कामासाठी मला तो मानवला नाही. पंख्याचा आवाज हवेसारखा पसरट असतो, पंपाची गुणगुण एकाच सुरात असते, आणि माइक ती बरोबर पकडतो. घेणार असाल तर रेडिएटर वरच्या बाजूला लावा. समोर लावलात तर त्याचं वरचं टोक पंपापेक्षा उंच राहील असं पाहा. आतली हवा नेहमी सर्वांत उंच जागी जमते आणि पंपात शिरली की खळखळते. नळ्यांमधून पाणी अगदी संथपणे, वर्षांच्या हिशोबाने कमी होत जातं आणि पंप हाही झिजणारा भाग आहे. तो गेला तर बहुधा अख्खा कूलर बदलावा लागतो.

निवड झाल्यावर

मी शेवटी सहा हीटपाइपचा, दोन पंख्यांचा टॉवर ठेवला. मोजणीत त्याच्यापुढे एकच होता, तोही एका अंशाने, आणि त्याचा पुढचा पंखा माझ्या रॅमवर टेकत होता.

मग पंख्याचा आलेख, म्हणजे कोणत्या तापमानाला किती वेग, तो जुळवला. बायोसमध्ये पंख्याने किती वेळाने प्रतिसाद द्यायचा, याची सोय बहुतेक बोर्डांत असते. ती मी लांबात लांब ठेवली. प्रोसेसरचं तापमान सेकंदात दहा-पंधरा अंश उडी मारतं, पण पत्रे इतक्या लवकर तापत नाहीत, त्यामुळे पंख्याने लगेच धावायचं काहीच कारण नाही. ६५ अंशांपर्यंत सरळ सपाट रेघ, ७०० फेरे. त्यापुढे हळू चढण. मुद्रणाच्या दिवसांत मी प्रोसेसरची मर्यादाही ६५ वॅटवर आणून ठेवते. शेवटच्या प्रक्रियेला थोडा जास्त वेळ लागतो, पण पंखा त्या सपाट रेघेवरून हलतच नाही.

सगळं जुळल्यावर माइक त्याच्या नेहमीच्या जागी ठेवा, भार सुरू करा आणि एक मिनिट काहीही न बोलता मुद्रण करा. नंतर हेडफोन लावून ऐका. एकसारखा, खालच्या पट्टीतला वारा ऐकू आला आणि त्यात कुठेही चढउतार नसेल, तर कॅबिनेटचं झाकण स्क्रू लावून बंद करा.